कुंपणाआडची भट्टी

ठाणे जिल्ह्यानें विसाव्या शतकांत दोन अगदीं निराळ्या जातींचीं वीजघरें पाहिलीं. एक कल्याण आणि डोंबिवली यांच्यामध्यें, ठाकुर्लीस. जी. आय. पी. रेल्वेच्या विजेच्या गाड्यांसाठीं तें १९२९ सालीं सुरू झालें आणि जवळच्या चोळे गांवावरून त्याला चोळा पॉवर हाउस असें नांव पडलें. दगडी कोळसा जाळावा, पाण्याची वाफ करावी आणि त्या वाफेनें चक्रें फिरवावींत, असा त्याचा उघड व्यवहार होता. धूर नेहमींपेक्षां काळा आला तर तो आल्यागेल्या प्रवाशालाहि दिसे; त्यासाठीं कोणा पंडिताचा दाखला लागत नसे. तें वीजघर बंद पडून आतां बराच काळ लोटला.

दुसरें वीजघर जिल्ह्याच्या उत्तर भागांत, बोईसरजवळ समुद्रकांठीं, तारापुरास उभें राहिलें. भारत व अमेरिका यांच्यामध्यें १९६३ सालीं करार झाला, पुढच्या वर्षीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम देण्यांत आलें, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथील दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर मिळूं लागली. अणुशक्तीपासून वीज काढणारें हें देशांतलें पहिलें केंद्र. येथेंहि पाण्याची वाफच चक्र फिरवते. फरक इतकाच कीं उष्णता कोळशाची नसून युरेनियमच्या अणूंच्या विभाजनाची असते. परंतु त्या एका फरकानें सगळा हिशेब बदलतो. किरणोत्सर्गाला ना रंग, ना वास. तो वाढला कीं घटला हें कोळीवाड्यांतल्या माणसाला कळण्याचें साधन नाहीं. त्यानें कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावयाचा. तो शब्द कोणाचा, हाच तारापूरच्या इतिहासांतला खरा प्रश्न आहे.

प्रारंभीं उत्तर सोपें होतें. अणुशक्ति खातें १९५४ मध्यें निर्माण झालें आणि तें थेट पंतप्रधानांच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. केंद्र बांधणार तेंच, चालविणार तेंच, आणि तें सुरक्षित आहे असें सांगणारहि तेंच. १९६२ च्या अणुशक्ति कायद्याच्या १८ व्या कलमानें अणुकेंद्रांविषयींची माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकारहि सरकारला मिळाला. येथें एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या अमेरिकेनें या भट्ट्या दिल्या, तिच्याकडेहि प्रथम अशीच एकहातीं व्यवस्था होती. परंतु १९७४ च्या कायद्यानें तिनें आपला अणुशक्ति आयोग मोडला आणि प्रसाराचें काम एकाकडे व तपासणीचें काम दुसऱ्याकडे सोंपविलें. भट्ट्या समुद्र ओलांडून आल्या. ती विभागणी मात्र आली नाहीं.

भारतांत अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं स्थापन झालें. म्हणजे तारापूर चालूं लागल्यानंतर चौदा वर्षांनीं. मध्यंतरीं दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागली होती, आणि त्या पायीं प्रत्येक भट्टीची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर उतरवावी लागली. मंडळ झालें, परंतु तें संसदेच्या स्वतंत्र कायद्यानें नव्हे, तर सरकारी आदेशानें. शिवाय मंडळानें आपलें निवेदन अणुशक्ति आयोगाकडे करावयाचें, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच अणुशक्ति खात्याचा सचिव! सुनेनें सासूची तक्रार सासूकडेच नेण्यासारखा हा प्रकार होय.

१९९३ ते १९९६ या काळांत डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष होते. खात्याच्या निरनिराळ्या केंद्रांतील सुरक्षिततेचे सुमारें १३० प्रश्न नोंदविणारा एक दस्तऐवज मंडळानें १९९५ मध्यें तयार केला. तो जनतेपुढें यावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ न्यायालयांत गेलीं. मुंबई उच्च न्यायालयानें मागणी अमान्य केली, आणि जानेवारी २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. दरम्यान २००० सालीं भाभा अणुसंशोधन केंद्र मंडळाच्या कक्षेंतून काढून घेण्यांत आलें होतें.

तारापुरास चेर्नोबिलसारखा अनर्थ ओढवला नाहीं, आणि त्याचें श्रेय तेथील अभियंत्यांना व कामगारांना दिलेंच पाहिजे. परंतु अपघात न होणें ही एक गोष्ट आणि तो होणार नाहीं अशी त्रयस्थाची खात्री असणें ही दुसरी. केंद्राभोंवतीं सोळा किलोमीटरपर्यंतच्या मुलुखासाठीं आपत्कालीन आराखडा असतो, आणि कुंपणाबाहेर त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यानें करावयाची असते. ती जबाबदारी अनेक वर्षें ठाणे शहरांतल्या कचेरीकडे होती. तेथील अधिकाऱ्यानें गाड्या जमवाव्या, गांवें हलवावीं, निवारा शोधावा. मात्र भट्टींत काय बिघडलें हें त्याला केंद्रानेंच कळवावयाचें. तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें पूर्वींच उठलीं होतीं. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि हा भारहि ठाण्याकडून तिकडे गेला.

मार्च २०११ मध्यें जपानांत फुकुशिमा येथें अपघात झाला. तेथील पहिली भट्टीहि जनरल इलेक्ट्रिकनेंच पुरविलेली होती. त्याच सप्टेंबरांत नव्या, स्वतंत्र नियामक संस्थेचें विधेयक लोकसभेंत आलें आणि २०१४ मध्यें लोकसभेच्या मुदतीबरोबर तें संपलें. महालेखापरीक्षकांनीं २०१२ च्या अहवालांत मंडळाच्या परावलंबी स्थितीवर बोट ठेवलें. नियमभंगाबद्दल कायद्यानें ठरविलेला दंड जास्तींत जास्त ५०० रुपये होता, हेंहि त्यांनीं दाखविलें. शहरवासीयांनीं लक्षांत घ्यावा असा आणखी एक आंकडा त्यांत होता: देशांतील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकीं मंडळाकडे नोंद होती अवघ्या ५,२७० ची. तेव्हां ज्याला तारापुराशीं कर्तव्य नाहीं असें वाटे, त्याचाहि संबंध गल्लींतल्या दवाखान्यावाटें या मंडळाशीं येतच होता.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीं २०१५ सालीं मंडळाचें स्वातंत्र्य कायद्यांत नमूद करण्याची शिफारस केली. अखेर डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यानें खाजगी कंपन्यांना अणुविजेचें दार उघडलें आणि त्यांतच मंडळाला वैधानिक दर्जा दिला. मंडळाच्या स्थापनेला तेव्हां बेचाळीस वर्षें झालीं होतीं, आणि तारापूरच्या पहिल्या विजेला छप्पन्न.