पालवणकर, बाळू
(सु. १८७६ – ४ जुलै १९५५). भारतातील एक श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म धारवाड येथे, अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजात. वडील पुणे येथे लष्करात नोकरीस होते. बाळूंनी प्रथम पुण्यातील पारशी क्रीडामंडळात मैदान झाडण्याचे व खेळपट्टी सारखी करण्याचे काम ३ रुपये मासिक वेतनावर केले. पुढे यूरोपीय सभासदांच्या पूना क्लबात त्यांना ४ रुपये वेतन मिळू लागले. तेथे कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत; फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्यास येत नसे.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, ते त्यांच्या कौशल्याची निकड भासल्यामुळे. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्यासमवेत खेळत. परंतु मध्यंतरात त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्यातर्फे व रेल्वेच्या संघातून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी यूरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या सामन्यात त्यांनी ८ बळी घेतले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. तथापि बाळूंनी या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. त्यांची सरासरी १५·२१ होती.

एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामवंत क्रिकेटपटू होते. त्यांपैकी विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले आणि हा अन्याय काही अंशी दूर झाला.

तरुणपणी बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा आदर वाटे. पुढे दलितांच्या राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर दोघांत मतभेद झाले. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते आंबेडकरांविरुद्ध मुंबईत उभे राहिले व पराभूत झाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तेव्हा त्यांची कारकीर्द संपलेली होती. त्यामुळे कसोटीच्या नोंदींत त्यांचे नाव नाही. मात्र भारतीय फिरकी गोलंदाजीच्या परंपरेत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.