मोझांबिकच्या आडोशाला

वैराग-बार्शीच्या कोरड्या रानांत ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आपण चातकासारखी वाट पाहतो, तोच वारा एके काळी शिडाच्या जहाजांना हिंदुस्थानात आणीत असे. आणि भर पावसाळ्यात आपली बंदरे बंद करणाराही तोच. त्याची वेळ चुकली की आफ्रिकेच्या किनाऱ्याला नांगर टाकून पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागे.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वाट्याला हेच आले. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघालेली जहाजे वाटेत रखडली आणि मोझांबिकला पोहोचली तेव्हा हंगाम टळला होता. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांबीचे. बेट व मुख्य भूमी यांमधील शांत पाण्यात जहाजे सुरक्षित राहिली; माणसे मात्र तापाने अंथरुणाला खिळली. चरित्रग्रंथांत हे सहा महिने एका वाक्यात उरकले जातात, हे आम्हांस पटत नाही. पाच जहाजांवरील रुग्णांची शुश्रूषा, प्रवचने, मरणाऱ्यांचे पापनिवेदन, असा तो मुक्काम होता. १ जानेवारी १५४२ च्या पत्रात ते कळवतात की, आज आपले रक्त सातव्यांदा काढले. (तापावर त्या काळी हाच उपचार!)

पुढे गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझा यांनी त्यांना बरोबर घेतले. मिसेर पावलो व मान्सिल्याश हे सोबती रुग्णांसाठी मागे राहिले. मालिंदी, सोकोत्रा करीत, पावसाने मांडवीचे मुख बंद होण्याआधी, ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास उतरले. तेथेही त्यांनी बिऱ्हाड केले ते इस्पितळातच.