पाव आण्याची किंमत



या शनिवार-रविवारचा विषय जरा मातीतला आहे. आमच्या पाथर्डीकडे नांगरट झाली, विहीर खणली किंवा जुन्या पांढरीत पाया काढला, की अधूनमधून हिरवट-काळी चकती हाती लागते. मग पारावर दोनच प्रश्न येतात: "किती जुनं हाय?" आणि "किती येतील?" पहिल्याचं उत्तर घरबसल्या बऱ्यापैकी काढता येतं. दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोकांचा विरस होतो, आणि त्या विरसातच फसवणाऱ्यांचं फावतं. म्हणून हा लेख.

आधी यंत्राबद्दल. इंजिनिअरिंगला असताना आम्ही मेटल डिटेक्टरचा प्रोजेक्ट केला होता. तो मी आमच्याच रानात फिरवून बघतो. तत्त्व सोपं आहे. कॉइलमधून बदलता प्रवाह सोडायचा, जमिनीतल्या धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात आणि त्यांचा परिणाम कॉइलला कळतो. तांबं विजेचं उत्तम वाहक, त्यामुळे त्याचा आवाज स्वच्छ येतो. अडचण आपल्या काळ्या मातीची. ती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं, त्यामुळे नुसत्या मातीवरही यंत्र कुरकुरतं. दहा आवाजांत सात वेळा नालेचे खिळे, दोन वेळा पत्र्याचे तुकडे, आणि एखादे वेळी नाणं!

आता ओळखायचं कसं? वजनकाटा हवा, सोनाराकडे असतो तसा, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा. आणि एक भिंग.

एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरं दिसली तर ती शिवराई. आकार वेडावाकडा, वजन कमीजास्त, अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली. पेशवाई १८१८ मध्ये संपली तरी शिवराई मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालत होती.

तराजूचं चित्र आणि त्यात फार्सी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, असा शब्द असेल तर तो कंपनीचा मुंबई इलाख्यातला पैसा. १८०४ ची अशी नाणी मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, म्हणजे बर्मिंगहॅमजवळ, वाफेच्या यंत्रांवर पाडून जहाजाने आणली होती.

कंपनीच्या ढालीला धरून दोन सिंह उभे आणि पाठीमागे पानांच्या माळेत इंग्रजीत 'वन क्वार्टर आना' असेल, तर तो १८३५ च्या कायद्यानंतरचा, सगळ्या कंपनी मुलखासाठीचा पाव आणा. ठरलेलं वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. झिजून सहाच्या आसपास भरतो. अर्धा आणा याच्या दुप्पट, आणि पै एक तृतीयांश.

राणीचा मुखवटा असेल तर १८६२ नंतरचा. नावापुढे 'क्वीन' असेल तर १८७६ पर्यंतचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा. १९०६ मध्ये तांब्याऐवजी कांसं आलं आणि वजन ७५ ग्रेनवर उतरलं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला, युद्धात धातू वाचवायला काढलेला.

पाथर्डीची अजून एक गंमत म्हणजे शेजार. दक्षिणेला आष्टी, पूर्वेला शिरूर कासार. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. तिथे हाली सिक्का चालायचा. त्यामुळे फार्सी अक्षरांचं तांबं मिळालं तर ते मुघलांचंच समजू नका, ते हद्दीपलीकडून बाजारहाटाला आलेलं असू शकतं.

एक लक्षात ठेवा. नाण्यावरचं साल हे ते हरवल्याचं साल नव्हे. पाव आण्यावर कंपनीच्या काळात १८३५, १८५७ आणि १८५८ एवढीच सालं येतात. म्हणजे १८३५ चा पैसा १८८० सालीही कुणाच्या तरी कनवटीतून पडलेला असू शकतो. नाणं फक्त एवढंच सांगतं, की "मी याच्या आधी इथे पडलो नाही."

आता किंमत. तांब्याचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी पाव आण्यात साडेसहा रुपयांचं तांबं. ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, त्यामुळे झिजलेल्या नाण्याचे लाख सोडा, हजारही येत नाहीत.

पण दुसरी किंमत बघा. १८७६-७७ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला होता. दौंड-मनमाड रेल्वेचं काम दुष्काळी काम म्हणूनच निघालं. जानेवारी १८७७ मध्ये सरकारने काही दुष्काळी कामांवरची मजुरी कापली. पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बाईला तेवढंच धान्य आणि वर पाव आणा. म्हणजे दिवसभर खडी फोडल्यावर धान्यापलीकडे तिच्या हातात पडायचा तो हा एक पैसा. आपल्या रानातला पैसा तिथूनच आला असेल असं नाही. पण ज्या तालुक्यातून आजही बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तिथे हे नाणं हातात धरल्यावर मला तरी बाजारभाव सुचत नाही.

आता फसवणुकीकडे येऊ. राम दरबार किंवा हनुमान, आणि खाली 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल वन आना', साल १८१८, १७१७, नाहीतर १६१६. असे तुकडे "कोटीचे" म्हणून फिरतात. कंपनीने देव कधीच वापरले नाहीत असं नाही, मद्रासच्या सोन्याच्या होनांवर ते आहेत. पण हा हिशोब करा: १६१६ मध्ये कंपनीकडे मुंबईसुद्धा नव्हती, ती १६६८ मध्ये मिळाली. १८३५ नंतरच्या कंपनीच्या तांब्यात सगळ्यात मोठं नाणं अर्धा आणा. चलनातला एक आणा आला १९०७ मध्ये, तोही तांबे-निकेलचा आणि नागमोडी कडेचा. म्हणजे हे तुकडे खोटे.

दुसरा प्रकार फोनवरचा. गावातल्या एका काकांना खऱ्या पाव आण्याचे तीन लाख देतो म्हणून फोन आला. आधी नोंदणी फी, मग टॅक्स, मग "रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट". सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस अशा वेळी भरतो हो पैसे! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलंय, की आपण अशा व्यवहारात नाही आणि कसलीही फी घेत नाही. विकत घेणारा माणूस तुमच्याकडे पैसे मागतोय, इथेच थांबायचं.

कायदाही माहीत हवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्या काळी दहा रुपये म्हणजे ६४० पैसे, चार किलोहून जास्त तांबं! आज एका नाण्यातही ती मर्यादा ओलांडली जाते. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि किल्ला, जुनं देऊळ, संरक्षित जागा, इथे यंत्र घेऊन जायचंच नाही.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून शेतात सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची योजना आहे. दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या. आपल्याकडे तसं काही उभं राहीपर्यंत एक वही पुरते. गट नंबर, खोली किती, सोबत काय सापडलं, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका! साध्या पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रशने माती काढायची, बस्स. घासलं की अक्षरं जातात. आणि कुठे सापडलं ते विसरलं, की राहतं फक्त साडेसहा रुपयांचं तांबं.