‘माझ्या’ ताडोबाला : वनातल्या शाळेची सहल

मराठी शाळेत शिकून ‘आमची सहल’ हा निबंध लिहिला नाही, असा विद्यार्थी सापडणे कठीण. या निबंधाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. आदल्या रात्री झोप लागत नाही, पहाटे एसटीची गाडी शाळेच्या दारात उभी राहते, वाटेत गाण्यांच्या भेंड्या होतात, प्रेक्षणीय स्थळ पाहून डोळ्यांचे पारणे फिटते आणि शरीराने थकलेली पण मनाने टवटवीत झालेली मंडळी रात्री घरी परततात. साचा कायम ठेवून फक्त स्थळाचे नाव बदलायचे. विदर्भातल्या वह्यांत त्या जागी अनेकदा ताडोबा येतो.

ताडोबाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार मोहर्लीला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील, भद्रावती तालुक्यातील हे गाव. एका अंगाला इरई धरणाचे पाणी, जे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. दुसऱ्या अंगाला वाघांचे राखीव अरण्य. इतरांच्या सहलीचे ठिकाण हेच ज्या मुलाचे गाव आहे, त्याने ‘आमची सहल’ या विषयावर काय लिहावे? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. परंतु सहल या शैक्षणिक कल्पनेचा इतिहास, अरण्याचा इतिहास आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न असे तीन धागे त्यात गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात ते वेगळे करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रातील शालेय सहलीच्या कल्पनेत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रेक्षणाचा. किल्ला, लेणी, मंदिर, धरण, कारखाना, अभयारण्य यांपैकी काहीतरी ‘पाहायचे’ आणि पाहिलेले सांगायचे. यात विद्यार्थी हा पाहुणा असतो. दुसरा प्रवाह परिसराचा. त्याचे एक महत्त्वाचे उगमस्थान चंद्रपूरपासून फार दूर नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकिर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा केला. हस्तोद्योग, नैसर्गिक परिसर आणि सामाजिक परिसर या तिन्हींशी प्रत्येक विषयाची सांगड घालावी, असे त्या आराखड्याचे सूत्र होते. त्या सूत्रानुसार शेत, विहीर, गोठा, बाजार हीच अभ्यासाची स्थळे ठरतात. वर्षातून एकदा बाहेर पडण्याऐवजी रोजच बाहेर असणे, ही सहलीची मुळातच निराळी व्याख्या झाली.

याच प्रवाहातील एक प्रयोग या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखत. ताराबाईंनी कुरणशाळा काढली. मुले जिथे गुरे घेऊन जातात तिथे शिक्षकाने जायचे, आणि दगड, पाने, बिया, पक्षी यांवरून धडा घ्यायचा. रूढ सहलीचे हे उलटे रूप होते. इथे मुलांच्या मुलखात शिक्षक सहलीला जातो. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे कुरणशाळेने बदलून टाकले.

चंद्रपूर जिल्ह्यातच मूल तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमटे यांनी तिथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्याच्या उन्हात राज्यभरातील विद्यार्थी तिथे येऊन सकाळी श्रम करीत, नंतर व्याख्याने ऐकत, रात्री गाणी म्हणत. नुसत्या प्रेक्षणापेक्षा ही छावणी कितीतरी पुढची होती. घाम गाळल्याखेरीज भूमीशी नाते जुळत नाही, ही तिच्यामागची श्रद्धा होती. तरीही छावणीला येणारा तरुण बहुधा शहरातून वा बाहेरगावाहून येई आणि बदलून परत जाई. जो परत जाणार नव्हता, ज्याचे घरच जंगलाला लागून होते, त्याच्यासाठी ‘बाहेर’ कुठे होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अरण्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. ताडोबा हे नावच एका गोंड दैवताचे आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि तळ्याकाठी त्याचे ठाणे झाले, अशी आख्यायिका आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरण्याची परंपरा. मोहर्लीहून ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंड राजवटीतले म्हणून ओळखले जाणारे जुने दगडी खांब आजही उभे आहेत. म्हणजे हा रस्ता पर्यटकांच्या आधी यात्रेकरूंचा, गुराख्यांचा आणि निरोप्यांचा होता. या परिसरातील मुलांची पहिली ‘सहल’ पौषातली असे. ती आईबापांबरोबर, शिदोरी बांधून, देवाला निघे, आणि तिच्यावर निबंध लिहावा असे कुणालाच वाटत नसे.

ताडोबाच्या जंगलात १९३५ मध्ये शिकारीवर बंदी आली. १९५५ मध्ये, विदर्भ मध्य प्रदेश राज्यात असताना, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये भोवतालचे अकराशे चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र बफर म्हणून अधिसूचित झाले. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी आतली गावे या शतकात बाहेर वसवली गेली. या प्रत्येक टप्प्यामागे सबळ कारण होते. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यात चंद्रपूरच्या जंगलांचा वाटा फार मोठा आहे. संरक्षण नसते तर आज काय उरले असते, हे सांगायला नको.

मात्र याच काळात एक क्रियापद बदलले. ताडोबाला पूर्वी लोक ‘जात’. आता तिथे ‘प्रवेश’ मिळतो. प्रवेशाला दार असते, वेळ असते, शुल्क असते, ठरावीक आसनांची जिप्सी असते. पायी चालता येत नाही, खाली उतरता येत नाही. मंगळवारी आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. वन्यजीवांसाठी हे नियम आवश्यकच आहेत. पण त्यांमुळे गावच्या मुलाच्या वाट्याला एक चमत्कारिक स्थिती आली. त्याचा बाप वा काका मार्गदर्शक म्हणून, चालक म्हणून, रिसॉर्टमधील कामगार म्हणून रोज दाराच्या आत-बाहेर करतो. अलीकडे गावच्या स्त्रियाही मार्गदर्शक झाल्या आहेत. दूरच्या शहरांतील मुले आत जाऊन वाघ पाहून येतात. आणि दारापाशी वाढलेल्या मुलाने गाभ्यातले तळे पाहिलेलेच नसते. वाघ मात्र त्याने कधी बांधावर, कधी शाळेच्या वाटेवर पाहिलेला असतो. एकाच प्राण्याच्या या दोन प्रतिमा आहेत. पाहुण्याला वाघ दिसला तर सहल सफल होते. गावकऱ्याला दिसला तर दिवस वाईट जातो.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करावा, असा निर्देश दिला. पुढे शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेनेची पथके निघाली, २००० पासून ‘किड्स फॉर टायगर्स’सारख्या मोहिमांनी व्याघ्ररक्षणाचा विषय शहरी शाळांपर्यंत नेला. वाघ वाचवा, हे वाक्य मुलांनी फलकांवर रंगवले. शहरातील मुलाला ते सहज रंगवता येते. मोहर्लीच्या मुलाने ते रंगवावे यासाठी आधी बरेच काही बोलून घ्यावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडताना माणसे वाघाच्या हल्ल्यात सापडतात, हे त्याने वर्तमानपत्रात वाचण्याआधीच ऐकलेले असते.

म्हणूनच ताडोबा व्यवस्थापनाने बफर क्षेत्रातील शाळकरी मुलांसाठी चालवलेल्या निसर्गशिक्षण उपक्रमाचे नाव लक्षवेधी आहे : ‘चला माझ्या ताडोबाला’. साहित्याच्या अभ्यासकाने या तीन शब्दांतील सर्वनामापाशी थांबावे. ‘माझ्या’ म्हणजे कुणाच्या? बोलणारे खाते असेल, तर हे यजमानाने पाहुण्याला दिलेले आमंत्रण ठरते. बोलणारे मूल असेल, तर तो हक्काचा उच्चार ठरतो. उपक्रमाचे यश याच सर्वनामावर अवलंबून आहे. ज्या मुलाला आजवर दार बाहेरूनच दिसले, त्याला आत नेणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु आत गेल्यावर त्याने केवळ ऐकायचे असेल, तर तीही प्रेक्षणाचीच सहल झाली. त्याला मोहाच्या बहराची वेळ, रानडुकराची वाट, पाणवठ्यावरच्या पावलांचा ताजेपणा ठाऊक असतो. हे ज्ञान विचारले गेले तरच ‘माझ्या’ या शब्दात त्याचा आवाज येईल.

आता स्वास्थ्याचा धागा. किशोरवयीनांच्या आरोग्याकडे आपल्या शासनाचे लक्ष अलीकडे अधिक नेमकेपणाने गेले आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश झाला. २०२० मध्ये आलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची, अकरा विषयांवर कृतियुक्त तासिका घेण्याची आणि त्यासाठी मंगळवार राखण्याची कल्पना मांडली. (ताडोबाही मंगळवारीच विश्रांती घेतो, हा निव्वळ योगायोग.) त्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य आहे, हिंसा व इजा यांपासून सुरक्षितता आहे. देशभरासाठी केलेल्या आराखड्यात मोहर्लीची भीती वेगळी नोंदलेली नसणार, हे ओघानेच आले. ती भरून काढणे शिक्षकाचे काम.

अशा कामाची उदाहरणे याच वनप्रदेशात आहेत. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ ही शिबिरे आखली. ज्या विषयांवर घरात आणि वर्गात मौन असते, त्या शरीराच्या व लैंगिकतेच्या विषयांवर मुलामुलींशी सरळ मराठीत बोलणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये माडिया मुलांसाठी निवासी शाळा काढली, तेव्हा मराठी हीच मुलांना परकी भाषा होती. शाळेशी जवळीक व्हायला मुलांची भाषा शिक्षकांना शिकावी लागली. दोन्ही ठिकाणचा धडा एकच आहे. मनाचे स्वास्थ्य म्हणजे योगासने आणि सुविचार यांच्या आधी, जे बोलायला जागा नाही ते बोलता येणे. मोहर्लीच्या परिसरात असे न बोललेले बरेच असते : वाटेची भीती, हल्ल्यात गेलेल्या माणसाचे दुःख, आणि त्याच प्राण्यामुळे घरात चार पैसे येतात ही कोंडी. भीती, दुःख आणि उपकार एकाच मुक्कामी राहतात तेव्हा मूल गप्प होते.

इथे साहित्याचा संबंध येतो. मराठीतील अरण्यलेखन समृद्ध आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवले, जंगलात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, प्राण्यांची नावे गोळा केली आणि पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश सिद्ध केले. मराठीला त्यांनी दिलेली शब्दसंपदा ही खरे तर त्या अनाम सांगणाऱ्यांचीही देणगी आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले आणि त्यांनी त्याचे पुस्तक केले. दोघेही थोर, पण दोघेही बाहेरून अरण्यात गेलेले. अरण्याच्या काठी जन्मून, त्याच्या दारातून रोज शाळेत गेलेल्या माणसाचे लेखन मराठीत अजून फारच थोडे आहे. वाघ पाहायला गेलेल्यांचे वाङ्मय आपल्याकडे आहे. वाघाच्या शेजाऱ्याचे अजून व्हायचे आहे.

ते व्हायचे तर त्याची सुरुवात निबंधाच्या वहीत होईल. शिक्षकाने ‘आमची सहल’ हा विषय फळ्यावर लिहिताच मोहर्लीचे मूल स्वतःच्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहायला शिकते. निसर्गरम्य, विलोभनीय, नयनमनोहर ही उसनी विशेषणे वापरू लागते आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहिण्याजोगे नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होते. त्याऐवजी विषय बदलून पाहावा. ‘शाळेची वाट’, ‘मोहाचे दिवस’, ‘आमच्या गावी आलेले पाहुणे’, ‘आजीची ताडोबाची यात्रा’. यांतील शेवटच्या विषयासाठी मुलाला घरी जाऊन विचारावे लागेल, आणि विचारणे हीच नई तालीमची पहिली पायरी होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, अशी शिफारस आहे. दूरच्या शाळा ते दिवस ताडोबाला येण्यात घालवतील आणि घालवावेतही. मोहर्लीसारख्या गावच्या शाळेला मात्र त्यांचा उपयोग कुरणशाळेच्या रीतीने करता येईल. एक दिवस गावातल्या मार्गदर्शकाला वर्गात बसवून त्याचे शिक्षण समजून घ्यावे, एक दिवस बाहेर वसवलेल्या गावातील वृद्धांना जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगावे, आणि एक दिवस, वनखात्याच्या परवानगीने व सोबतीने, मुलांनी पाहुण्या शाळेला ताडोबा दाखवावा. जिप्सीत तीच पुढच्या आसनावर बसतील आणि बोलतील. त्या दिवसाचा निबंध पाहुण्या शाळेतील मुलांनी लिहावा. यजमानांच्या वहीत दुसरेच काही येईल, आणि ते वाचायला आपण शिक्षकांनी थोडी तयारी करून ठेवलेली बरी.