युर्यो किल्पिनेन : गीतरचना, भाषा आणि राजकारण

प्रस्तावना :
कवितेला चाल देऊन ती एका गायकाने पियानोच्या साथीने सादर करावयाची, या कलागीत प्रकाराचा युरोपात विशेष उत्कर्ष जर्मन भाषेत झाला. फिनलंडचे संगीतकार युर्यो किल्पिनेन (१८९२-१९५९) यांनी आपले आयुष्य प्रामुख्याने याच प्रकाराला वाहिले व सातशेहून अधिक गीते रचली. त्यांच्या कीर्तीच्या चढउतारामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन व कार्य :
किल्पिनेन यांचा जन्म हेलसिंकी येथे झाला. तेथील शिक्षणानंतर त्यांनी व्हिएन्ना व बर्लिन येथे अध्ययन केले. १९१७ पर्यंत फिनलंड रशियन साम्राज्यात होता आणि तेथील सुशिक्षितांमध्ये स्वीडिश भाषेचे वर्चस्व होते. अशा बहुभाषिक वातावरणात वाढलेल्या किल्पिनेन यांनी फिनिश, स्वीडिश व जर्मन या तिन्ही भाषांतील कविता निवडल्या. लॅपलँडच्या डोंगरांवरील फिनिश कवितांबरोबरच जर्मन कवी क्रिस्तियान मॉर्गेनस्टर्न यांच्या मृत्युविषयक कविताही त्यांनी स्वरबद्ध केल्या. मितभाषी पियानोसाथ आणि शब्दोच्चाराला अनुसरणारी चाल ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत.

कीर्ती आणि तिची किंमत :
१९३० च्या दशकात जर्मन गायक गेरहार्ड ह्यूश यांनी ही गीते लोकप्रिय केली. एच.एम.व्ही. कंपनीने 'किल्पिनेन सोसायटी' या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पियानोवर संगीतकाराच्या पत्नी मार्गारेट होत्या. परंतु ही कीर्ती नाझी राजवटीच्या काळातील जर्मनीत बहरली होती. रिचर्ड स्ट्राउस यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संगीतकारांच्या सहकार्य परिषदेत किल्पिनेन फिनलंडचे प्रतिनिधी होते. महायुद्धानंतर या संबंधांची छाया त्यांच्या नावावर पडली व परदेशातील त्यांची लोकप्रियता ओसरली. मायदेशी मात्र १९४८ मध्ये त्यांना फिनलंडच्या अकादमीचे सदस्यत्व लाभले. त्याच सुमारास त्यांनी एलियास लोनरोट यांच्या 'कांतेलेतार' (१८४०) या लोकगीतसंग्रहातील ६४ रचनांना चाली दिल्या.

समारोप :
लहान भाषेतील कलावंताला मोठ्या भाषेच्या आश्रयाने दूरवरचा श्रोता मिळतो; पण त्या आश्रयाबरोबर तेथील राजकारणही त्याच्या वाट्याला येते. किल्पिनेन यांची राजकीय निवड समर्थनीय ठरत नाही. तथापि, केवळ त्या निकषावर त्यांची गीते दुर्लक्षित ठेवल्यास फिनिश काव्याच्या एका सूक्ष्म स्वररूपालाही आपण मुकतो. इतिहासलेखनाने या दोन्ही बाजू एकत्र नोंदविणे आवश्यक आहे.