स्वीडिश खतावणी

वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटचा मजकूर मायएसक्यूएल नावाच्या कोठारात राहतो. कोठार मूळचं स्वीडनचं. त्यामुळे २०१८ पर्यंत, तुम्ही काही बजावलं नाहीत, तर लिपी लॅटिन आणि वर्णक्रम चक्क स्वीडिश! त्या लिपीचे खण २५६. त्यात आपल्या 'क'ला खणच नाही. मग कोठार '?' लिहून मोकळं.

तळवड्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्या भाच्यानं एका संस्थेचं असलं पान मला दाखवलं. ऑडिटर येऊन गेला की आमची खतावणी अशीच दिसते! वर्डप्रेसनं २००७ साली सेटिंगच्या फाइलीत लिपीची ओळ दिली. पण जुने तक्ते तिला जुमानत नाहीत. भाच्यानं तेही बदलले. नवा मजकूर सुरेख उमटला. जुना? '?' म्हणून चढलेलं अक्षर '?'च राहतं. चिटणीस जुनी प्रत शोधायला कपाटाच्या किल्ल्या घेऊन गेलेत, अजून आलेले नाहीत.