लेखणी न उचलता

माझी मुलगी तिसरीत आहे. रोज संध्याकाळी चाररेघी वही उघडून आम्ही दोघी इंग्रजी कर्सिव्ह गिरवायला बसतो. परवा ती वैतागली. ‘‘आई, मध्येच पेन्सिल उचलली तर काय बिघडतं गं?’’

उत्तर शोधताना मला मराठीच उपयोगी पडली. कारण मराठीलाही स्वतःचं कर्सिव्ह होतं. मोडी.

तुम्ही आत्ता स्क्रीनवर वाचताय ती देवनागरी. मोडीच्या जोडीने तिचं नाव घेताना लोक तिला बाळबोध म्हणत. बाळबोधीत अक्षर सुटं, प्रत्येकाच्या डोक्यावर रेघ. पोथीला ते शोभतं. पण पेशव्यांच्या दफ्तरात दिवसभर पत्रं, हिशेब, हुकूम लिहायचे असत. तिथला कारकून आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरूने त्यांच्याखाली अक्षरं ओवत जायचा. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडही नाही, वेलांटी एकच आणि उकारही एकच. हे ऐकल्यावर लेकीने मोडीच शिकणार असं जाहीर करून टाकलं!

म्हणजे जोडाक्षरी वळण सुंदर दिसावं म्हणून नाही, हात दमू नये आणि काम लवकर उरकावं म्हणून आलं. हे कळल्यावर आमचं गिरवणंही बदललं. आता मी ‘सुंदर काढ’ म्हणत नाही. ए, सी, डी, ओ यांची सुरुवात एकाच गोल वळणाने होते, म्हणून ती एकत्र घेतो. दहा मिनिटं झाली की वही बंद.

मग मोडी गेली कुठे? १८१० मध्ये विल्यम कॅरीने बंगालमधल्या सेरामपूरला मराठी शब्दकोश छापला, तो मोडी खिळ्यांनी. पण छापखान्यात हात न उचलण्याचा काय फायदा? खिळा शेवटी सुटाच लावायचा. छपाईत बाळबोध स्थिरावली. मोडी हातात मात्र टिकली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतही होती. नंतर शाळांनी सोडली आणि घरांनीही.

आमच्या घराने सोडली ती अशी. कपाटात पणजोबांचा एक कागद आहे, घडीवर फाटलेला. आजोबांना मोडी घडाघडा वाचता यायची. बाबांनी कधी विचारलं नाही, मीही नाही. आजोबा गेले आणि कागद मुका झाला. असे लाखो कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरातही आहेत, आणि ते वाचू शकणारे थोडे.

२०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. अक्षरं फोनवर आणता येतात. पण पणजोबांच्या हाताचं वळण ओळखायला डोळ्यांना सवय लागते, आणि ती गिरवल्याशिवाय लागत नाही.

काल लेकीचं कर्सिव्ह झाल्यावर मी तो कागद काढला. तिने रेघेवर बोट ठेवलं आणि न उचलता पार टोकापर्यंत नेलं. ‘‘काय लिहिलंय?’’

‘‘मला येत नाही,’’ मी म्हणाले. ‘‘शिकूया?’’

आता वहीच्या मागच्या पानांवर मोडीचा कित्ता सुरू आहे. तिथे आम्ही दोघीही पहिलीत आहोत.